एका भावाच्या मुलासाठी

घड्याळजीचा हिशेब सोपा होता. गोष्ट तिघांना ठाऊक होती, आणि त्यातले दोघे नवराबायको. मग फोडली कोणी? चर्चच्या पाळकांनी. दुसरं कोण?

गोष्ट त्याच्या मुलाची. सव्वीस वर्षांचा धडधाकट पोरगा दारूपायी व्यसनमुक्ती केंद्रात होता, आणि मंडळीत घड्याळजीनं सांगून टाकलं होतं की तो परगावी ट्रेनिंगला गेलाय. घड्याळजी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या सात पंचांपैकी एक. पंचाच्या घरात असलं काही नसतं, असं त्याला उगाचच वाटायचं. पण एक दिवस पाळक मनगटी घड्याळाचा पट्टा बदलायला दुकानात आले, सहज म्हणाले, "पोरगा काय म्हणतोय?" आणि हा गडी काउंटरवर डोकं टेकून रडला. सगळं सांगितलं. पाळकांनी त्याचा हात धरून प्रार्थना केली आणि पट्टा न बदलताच ते निघून गेले.

तीन आठवड्यांनी, रविवारी उपासना संपल्यावर, बेकरीवाल्या बाईंनी त्याला दारात गाठलं आणि विचारलं, पोराला आता झोप लागते का. घड्याळजीच्या मनात पाल चुकचुकली. ट्रेनिंगला गेलेल्या पोराच्या झोपेची चौकशी कोण करतं? दोन दिवसांनी म्हाताऱ्या नर्सबाईंनी लोकरीचा स्वेटर पाठवला. तिकडे डोंगरात गारठा असतो म्हणे. केंद्र डोंगरात आहे हे हिला कोणी सांगितलं?

बायको म्हणाली, "अहो, चांगल्या मनानं विचारतायत ना? मग?"

"चांगल्या मनानं विचारतायत, पण कळलं कुठून?" तो म्हणाला. "तू बोललीस?"

ती यावर तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मग घड्याळजी डोळ्यांत तेल घालून पाळकांवर नजर ठेवू लागला. दुकान चर्चच्या समोरच, त्यामुळे लांब जावं लागत नसे. डोळ्याला भिंग लावून बसायचं आणि दुसऱ्या डोळ्यानं रस्ता बघायचा. पाळक घरभेटींना कोणाकडे गेले, किती वेळ बसले, बाहेर पडताना हसत होते का. बेकरीवाल्यांकडे चाळीस मिनिटं! चाळीस मिनिटं काय प्रार्थनाच चालली होती? एवढ्यावर थांबेल तर तो घड्याळजी कसला. त्यानं सापळा लावला. पाळकांना एकटं गाठून, चेहरा पाडून खोटंच सांगितलं की आपण दुकान विकणार आहोत, कोणाला बोलू नका. आणि मग कान टवकारून बसला. एक आठवडा गेला, दोन गेले. दुकानाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या कोणालाही यातून काय कळायचं ते कळलं असतं. घड्याळजीनं मात्र निष्कर्ष काढला की चोर सावध झालाय.

त्याच महिन्यात पाळकांची मुदत वाढवायची की नाही हे ठरवायला सात पंच बसले. घड्याळजी उभा राहिला. म्हणाला, मी विश्वासानं पाळकांना एक गोष्ट सांगितली, ती फुटली. कोणती ते विचारू नका. पंचांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक म्हणाले, "यावर मला काही बोलता येणार नाही."

झालं. मुदत वाढवायची नाही, चार विरुद्ध तीन. अध्यक्ष फर्निचरवाले, त्यांनी सोमवारी बिशपना पत्र पाठवायचं ठरलं.

घड्याळजी जिंकल्यासारखा घरी निघाला. वाटेत नर्सबाईंचं घर. पिशवीत आणलेला स्वेटर परत करायला म्हणून तो थांबला आणि कुत्सितपणे विचारलंच, "तुम्हाला पाळकांनीच सांगितलं ना?"

नर्सबाई बुधवारची प्रार्थनासभा चालवत. त्यांनी चष्मा काढला. "पाळकांनी? तुम्हीच की. तुम्ही उभं राहून म्हणालात, एका भावाच्या मुलासाठी प्रार्थना करा. डोंगरातल्या केंद्रात आहे, रात्ररात्र झोप नाही, आणि त्याच्या बापाला दुकानात काम सुचत नाही. नाव घेतलं नाहीत, पण रडत होतात. आम्ही काय तुम्हाला ओळखत नाही?"

बुधवारची रीतच होती तशी. नाव घ्यायचं नाही, 'एक भाऊ', 'एक बहीण' म्हणायचं. सगळ्यांनी ओळखायचं आणि कोणीच ओळख दाखवायची नाही. घड्याळजीला वाटत राहिलं की आपण नाव घेतलं नाही म्हणजे सांगितलंच नाही. त्या दिवशी पाळकही तिथे पहिल्या बाकावर होते. पंचांपैकी मात्र त्याच्याशिवाय बुधवारी कोणी फिरकत नसे. त्याला आपलीच लाज वाटली.

तो तसाच पाळकांच्या घरी गेला. पाळक पुस्तकं खोक्यात भरत होते.

"तुम्हाला माहीत होतं, मीच बोललो ते. मग गप्प का बसलात?"

"बुधवारचं नाव काढलं असतं, तर पुढचा प्रश्न पोराचा आला असता," पाळक म्हणाले. "ते त्याचं त्याला सांगू दे. बरा होऊन आला की."

घड्याळजी तिथून अध्यक्षांकडे धावतच गेला. पत्र अजून टेबलावर होतं. चूक माझी, तो म्हणाला, गोष्ट माझ्याच तोंडून फुटली, पाळकांचा यात काडीचा दोष नाही.

अध्यक्षांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आत्ता पाळकांकडूनच येताय ना? मी खिडकीतून पाहिलं. काय धमकी दिली त्यांनी?"

"धमकी नाही हो."

"मग गोष्ट कोणती होती ते सांगा. मी पत्र फाडतो."

घड्याळजीनं तोंड उघडलं. पोराचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं आणि मान खाली घातली.

"वाटलंच मला," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "घाबरू नका. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत." आणि त्यांनी पाकिटाला गोंद लावला.