गच्चीवरच्या तीन वाट्या

बर्फाच्या कारखान्यातल्या मिस्त्रीचा यंत्रांवर फार विश्वास आणि माणसांवर जेमतेम. यंत्र बिघडलं की आवाज करतं, माणूस बिघडला की गोड बोलायला लागतो, असं त्याचं साधं गणित. गच्चीवर वारा मोजायला येणारा तरुण त्या गणितात चपखल बसायचा. सगळे त्याला वारेवाला म्हणत, आणि तो सगळ्यांशी मधाळ बोले.

कारखाना डिझेलच्या जनरेटरवर चाले आणि मिस्त्रीची खोली नेमकी जनरेटरच्या मागे होती. चार वर्षं त्या धुराने त्याच्या बायकोची छाती धरली होती. खिडकी लावली तर जीव घुसमटे, उघडली तर खोकल्याची उबळ. म्हणून मालकीणबाईंनी पवनचक्कीचं मनावर घेतलं तेव्हा मिस्त्रीला आभाळ ठेंगणं झालं. चक्की आली की जनरेटर बंद होणार होता. अट एकच होती, वर्षभर वारा मोजायचा आणि पुरेसा भरला तरच चक्की बसवायची.

त्यासाठी गच्चीवर पुरुषभर उंचीचा खांब आणि खांबावर गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या बसवल्या. आकडे पेटीत साठत, वारेवाला महिन्याला ते उतरवून नेई. पहिल्या महिन्यात वारा भरपूर निघाला. मग दर खेपेला आकडा उतरत गेला.

"वारा पडलाय हो, मिस्त्री."

"पडलाय? माझ्या बायकोचे वाळत घातलेले कपडे चिमट्यांसकट उडून जातात!"

"आकडे तर असंच दाखवतायत," वारेवाला हसून म्हणाला. ते हसणं मिस्त्रीला मुळीच आवडलं नाही.

त्यात एके दुपारी वारेवाला आणि डिझेलवाला फाटकासमोर चहा पिताना दिसले. झालं! चक्की आली तर कोणाच्या पोटावर पाय येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मिस्त्री त्या दिवसापासून वारेवाल्याच्या पिशवीकडे, फोनकडे, जाता-येता खांबाकडेही बघू लागला. दर शनिवारी ग्रीसचा डबा आणि चिंधी घेऊन तो कारखानाभर फिरायचाच. पंप, पंखे, बर्फावर टाकायच्या भुशाची चाळणी, फिरणारं काहीही त्याच्या हातून सुटत नसे. आता हात ग्रीसमध्ये आणि डोळे फाटकावर, एवढाच फरक पडला.

"अहो, पुरावा आहे का काही?" बायकोने विचारलं, आणि पुढचा प्रश्न खोकल्यात बुडाला.

"मिळेल. चोर पकडल्याशिवाय मी गप्प बसणार नाही."

सातव्या महिन्याचा आकडा आला आणि मालकीणबाई म्हणाल्या, "चक्कीचा नाद सोडावा लागणार बहुतेक." मिस्त्रीचा तोल गेला.

"बाई, कुठेतरी पाणी मुरतंय! हा माणूस डिझेलवाल्याला फितूर झालाय. त्याने यंत्रात काहीतरी करून ठेवलंय."

वारेवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "चला वर. सगळ्यांसमोर उघडून बघू."

चौघे-पाच जण गच्चीवर गेले. तिथे वारा असा, की बाईंना पदर दोन्ही हातांनी धरावा लागला. वाट्या मात्र रेंगाळत फिरत होत्या. वारेवाल्याने त्या उतरवल्या आणि मधल्या दांड्यावरून नख फिरवलं. नखावर पिवळ्या ग्रीसचा गोळा आला, भुशाने बरबटलेला.

"ह्याला ग्रीस लावायचंच नसतं. वरून लावलं की धूळ बसते, वाट्या जड होतात, आकडा खाली येतो. हे कोणी केलं?"

मिस्त्रीला दरदरून घाम फुटला. पिवळं ग्रीस कारखान्यात एकाच डब्यात होतं. वाट्या बसवल्या त्याच्या पुढच्याच महिन्यात एका शनिवारी त्याने त्या बघितल्या होत्या, बिचाऱ्या कोरड्या फिरतायत असं वाटून त्याने त्यांना ग्रीसचं बोट लावलं होतं, आणि त्यानंतर एकही शनिवार चुकवला नव्हता. इतक्या मायेने त्याने दुसरं कुठलंच यंत्र सांभाळलं नव्हतं.

"डिझेलवाल्याचीच माणसं असणार," मालकीणबाई रागाने म्हणाल्या. "टाकी भरायला येतात ना इथे. मिस्त्री, तुमचा संशय खरा निघाला. आजच त्याला बोलावते."

मूग गिळून बसायचं, बस्स. वारेवाला खाली मान घालून उभा होता. मिस्त्रीला त्याच्याकडे बघवेना.

"माझा हात आहे, बाई," तो म्हणाला. "दर शनिवारी. मीच."

वारेवाल्याने चिंधीने दांडा पुसायला घेतला आणि हळूच म्हणाला, "पहिला महिना सोडला तर सगळे बाद. सगळ्या ऋतूंचा वारा सलग लागतो. पहिल्यापासून वर्ष मोजावं लागेल."

मिस्त्री घरी आला तेव्हा जनरेटरच्या धक्क्यांनी खिडकीची काच थरथरत होती. बायको उशीला टेकून बसली होती. तिने पदर तोंडावरून काढला.

"सापडला का हो चोर?"

"सापडला."

"मग? कधी बंद होणार हे?"

मिस्त्रीने खिडकी लावून घेतली आणि ग्रीसने माखलेले हात पाठीमागे धरून तिथेच उभा राहिला.