तांबूच्या फाइलमधल्या तारखा

मालिनीने आपल्या कुत्र्याचं, तांबूचं डोकं मांडीवर धरून ठेवलं आणि डॉक्टरांनी त्याच्या पुढच्या पायात सुई घातली. सलाइन सुरू झालं. एरवी त्याने पाय तरी ओढला असता. आज तो डोळे उघडे ठेवून नुसता पडून होता. सकाळी घरापुढच्या खळ्यात चालता चालता तो कोसळला, आणि पूर्णगडहून रत्नागिरीपर्यंत उन्मेषने गाडी कुठेही न थांबवता आणली होती.

"ठोके मोजा परत," उन्मेष म्हणाला.

"मोजतेय. फारच कमी आहेत." डॉ. राही यांनी नजर वर केली नाही.

"तीन वर्षं उलट्या, जुलाब आणि पोटाची औषधं. प्रत्येक डॉक्टरचं तेच." तो बायकोकडे वळला. "आणि हिला सांगून दमलो, भलतंसलतं खायला घालू नकोस म्हणून. ऐकायचंच नाही!"

मालिनीच्या तळव्याखाली तांबूची कातडी थरथरली. तिने हात सरकवून त्याच्या कानावर ठेवला.

अर्ध्या तासाने लॅबमधून फोन आला. डॉक्टरांनी आकडे लिहून घेतले आणि आधी एक इंजेक्शन दिलं.

"हा पोटाचा आजार दिसत नाही," मग त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडांजवळ दोन बारीक ग्रंथी असतात, अ‍ॅड्रिनल. ताण आला की त्यांच्यामुळे शरीर सावरतं. याच्या ग्रंथी कामच करत नसाव्यात. पोटॅशियम वाढलंय, म्हणून हृदय मंद झालंय. खात्रीची तपासणीही करू, पण थांबायला वेळ नव्हता."

"म्हणजे खाण्याने नाही?" मालिनीने विचारलं.

"खाण्याने नाही."

उन्मेष खिडकीबाहेर बघत राहिला.

तास गेला. ठोके हळूहळू वाढले. तांबूने एकदा जीभ फिरवली, तेव्हा कुठे डॉक्टर खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी तांबूची जुनी फाइल उघडली.

"जानेवारी, मग जुलै, मग पुन्हा जानेवारी. मधले महिने अगदी ठीक. त्या दिवसांत घरात काही असायचं का? पाहुणे, रंगकाम?"

"काही नाही," उन्मेष म्हणाला.

"हे बोटीवर असतात," मालिनी म्हणाली. "त्या दिवसांत सुट्टीवर घरी येतात."

डॉक्टर हसल्या. "मग बरोबर. आनंदाचाही ताण होतो कुत्र्यांना."

उन्मेषने मान डोलावली. "मी आलो की उड्याच मारतो तो."

"पहिल्या दिवशी मारतो," मालिनी म्हणाली. "पण आजारी पडतो तो आनंदाने नाही. यांचा आरडाओरडा सुरू होतो, तेव्हा पडतो."

तिचा आवाज चढला नव्हता. उन्मेषच्या सदऱ्यावर, तांबूला उचलून आणलं तिथे, उलटीचा डाग वाळला होता.

डॉक्टर खाली बघून औषधं लिहू लागल्या. "बहुधा जन्मभर गोळी द्यावी लागेल. आणि ज्या दिवशी घरात ताण होणार असेल, त्या दिवशी डोस वाढवायचा. मात्र ताण व्हायच्या आधी."

"ते आधी कसं कळणार?" उन्मेषने हळूच विचारलं.

"मला कळतं," मालिनी म्हणाली.

सलाइनची बाटली संपेपर्यंत उन्मेष तांबूच्या पायाशी बसून राहिला.