पहाऱ्यावरचा पहारा

भीमाबाईची जीभ म्हणजे धारेची कोयती, हे पनवेलच्या खाडीकाठी सगळ्यांना ठाऊक. पण त्या दुपारी कोयती चालवावी कुणावर? समोर होता कंप्युटर, आणि त्याला काही शिवी लागत नाही.

कोळणींच्या सोसायटीचा माल परदेशी निघायची ती पहिलीच वेळ. परवापासून मासेमारीची पावसाळी बंदी लागणार, होड्या आधीच किनाऱ्याला लागलेल्या. बंदीत घरोघरची चूल या गोठवलेल्या कोळंबीवर पेटायची होती. शीतघराच्या धक्क्याला कंटेनर लागला होता. दिवस बुडायच्या आत तो बंदराजवळच्या जासईच्या यार्डात शिरला तर माल बोटीवर चढणार. नाहीतर बोट थांबायला ती काय माहेरची होती?

पेटीवरचा कागद यंत्राला दाखवायचा, 'टिक' वाजली की पेटी कंटेनरमध्ये. टिक नाही तर यादीत नाव नाही, आणि यादीबाहेरची पेटी यार्डात घेत नाहीत. त्या दिवशी टिक वेळेवर येईना. पडद्यावर गोल चाक फिरतंय आपलं. एक पेटी चढेपर्यंत माणसाचं पान खाऊन व्हावं! बायकांनी घाई करून निम्म्या पेट्या आधीच बाहेर काढलेल्या. त्या परत शीतघरात ठेवायच्या तरी टिक हवीच. वरून मे महिन्याचं ऊन.

"शैलेशराव, काय पाय धरायचे का या डब्याचे?" भीमाबाई ओरडली.

शैलेश तिचा जावई. कामोठ्यात कंप्युटरचे क्लास घ्यायचा आणि सोसायटीचं हे काम बघायचा. घामानं निथळत तो म्हणाला, "मामी, सर्व्हर दमलाय. काम करायला त्याला सवडच नाय. सगळा वेळ नोंदी लिहिण्यात जातोय."

"कसल्या नोंदी?"

"तुमीच सांगितलेल्या."

गेल्या महिन्यात शीतघरातून आठ पेट्या नाहीशा झाल्या होत्या. तेव्हा भर सभेत भीमाबाईनं हुकूम सोडला होता. होडीवर वाटे करताना एक बाई घालते, दुसरी मोजते आणि तिसरी मोजणारीच्या हाताकडे बघते. वाडवडिलांपासूनची रीत. तीच या यंत्राला लाव! कोणी दार उघडलं, कोणी नुसतं डोकावलं, सगळं लिहून ठेव. आणि लिहिणाऱ्यावरही नजर ठेव. शैलेश म्हणाला होता, जड होईल. तर तिनं चारचौघांत सुनावलं होतं, "जड होतंय ते चोराला!" शीतघराची किल्ली तेव्हा शैलेशकडेच असायची. कोणाला बोलली ते न कळण्याइतकं कोणी खुळं नव्हतं.

"आता एक पेटी दाखवली की तो ती लिहितो," शैलेश सांगू लागला, "मग लिहिलं म्हणून लिहितो. मग ते लिहिलेलं तपासलं म्हणून परत लिहितो. आज शेकड्यांनी पेट्या आल्या, डोंगर झालाय नुसता. पहारा बंद करा, मामी. तो तुमच्याच अंगठ्यानं बंद होतो."

"हां! म्हंजे तुमाला रान मोकळं!"

शैलेशनं तोंड पडद्याकडे फिरवलं. पेट्या उचलणाऱ्यांतली गंगाबाई मात्र कमरेला हात लावून पुढे आली. "भीमे, जावयाशी भांडण घरी कर. आमच्या पोरांच्या तोंडचा घास नको वितळवू."

भीमाबाईनं तिला उत्तर देण्याऐवजी एका पेटीचं झाकण उचललं. आत लालसर पाणी सुटलेलं. कोळंबी हाताला मऊ लागली. सगळ्या बायका तिच्याच शब्दावर विसंबून या धंद्यात उतरल्या होत्या.

ती तरातरा आत गेली आणि काचेवर अंगठा दाबला. लाल दिवा. पुन्हा दाबला. पुन्हा लाल. जन्मभर बर्फात आणि खवल्यांत घासलेला अंगठा, त्यात सकाळपासून ओला. रेघा कुठल्या उरल्यात! लुगड्याला पुसला, तरी लाल.

"अरं घे की मेल्या, मीच हाय!" तिचा आवाज फाटला. "मीच हाय रं!"

बाहेर उन्हं कलली होती. शैलेशनं काही न विचारता तिचा हात आपल्या हातात घेतला. सदऱ्याच्या टोकानं बोट न् बोट कोरडं केलं, फुंकर घातली, अंगठा चोळून ऊन केला आणि स्वतःच काचेवर अलगद धरून ठेवला. भीमाबाईनं मान खाली घातली ती वर केली नाही. दिवा हिरवा झाला.

थोड्या वेळानं टिक आली. मग दुसरी. मग बायकांच्या हातांना उसंत राहिली नाही. कंटेनर गव्हाण फाट्याकडे सुटला, आणि दिवस बुडताना ड्रायव्हरचा फोन आला, गेटातून आत घेतलं. पण उन्हातल्या कितीतरी पेट्या धक्क्यावरच राहिल्या. त्या परदेशी जाण्याजोग्या उरल्याच नव्हत्या.

बायका ती कोळंबी सोलायला बसल्या. निदान वाळवून सोडे तरी होतील. शैलेश गाडीला किल्ली लावत होता.

"शैलेशराव!" भीमाबाईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं हाकारलं. "त्या आठ पेट्या तुमी नाय नेल्या. मी बोलले ते शेण खाल्लं."

तो थांबला. पण वळला नाही. "एवढं बोलायला, मामी, माल नासावा लागला?" म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला.

गंगाबाईनं पाट सरकवून तिला जागा केली. भीमाबाई बसली आणि कोळंबी सोलायला लागली.