सगळ्यांत लांब नाव

खरं तर प्रश्न एका खुणेचा होता. पडद्यावरच्या एकशे बारा नावांपैकी सदुसष्टाव्या नावापुढे टिंबूने ‘उत्तर आलं’ अशी खूण केली असती, तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. घड्याळात साडेनऊ झाले होते. दहाला ती सगळी नावं आपोआप मोकळी होणार होती, आणि मोकळं झालेलं नाव जो पहिला मागेल त्याचं.

देशातल्या वेबसाइटच्या पत्त्यांना शेवटी जी दोन अक्षरं लागतात, ती लागणाऱ्या प्रत्येक नावाची नोंद या खोलीत व्हायची. कॉलेजच्या ग्रंथालयाखालची खोली, एक खिडकी, एक लोखंडी कपाट, आणि सव्वीस वर्षं सर. नाव हवं असेल त्याने कागदी अर्ज घेऊन खिडकीशी यायचं. सर चष्म्यावरून बघत विचारायचे, “कशाला हवंय?” नाव मिळाल्यावर एका शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. टिंबू तेव्हा अर्ज फायलीत लावायला आलेली विद्यार्थिनी. पहिल्याच आठवड्यात एका नोंदीतलं टिंब विसरली आणि अख्खी सकाळ एक बँक कोणालाच सापडेना. सर ओरडले नाहीत. “आता टिंब तुझ्या चांगलं लक्षात राहील,” एवढंच म्हणाले, आणि तेव्हापासून तिचं हेच नाव पडलं.

आता सर निवृत्त झाले होते, नोंदवही काचेच्या मोठ्या इमारतीत चालली होती, आणि खोलीत टिंबू एकटी उरली होती. नव्या मंडळाचा हुकूम होता: मालकाला एक ईमेल जाईल, महिनाभरात उत्तर नाही आलं, तर नाव मोकळं.

सदुसष्टाव्या नावाला मालकच नव्हता. तो रकाना कोरा होता. नाव होतं ‘बाळरडतंयतरघाबरूनकोस’.

ते काकूंचं, सरांच्या बायकोचं. सरांची मुलगी पहिलटकरीण असताना दूरदेशी होती, म्हणून काकूंनी तिच्यासाठी रोज चार ओळी लिहायला सुरुवात केली. उचकी, दात, दूध ओकणं, आणि आईलाच रडू येतं तेव्हा काय करावं. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. वेबसाइटवरची पानं मात्र तशीच होती, आणि स्वतःचं पिल्लू झाल्यापासून टिंबू त्यांच्याच जिवावर तगून होती. पिल्लू शिंकलं की पान. शिंकायचं थांबलं की पुन्हा पान.

दारात सर उभे होते. हातात पिवळा पडलेला कोरा अर्ज.

“सर, मी खूण करते.”

“नको.”

“कोरा रकाना तुमच्याच हातचा आहे ना!”

“हो. घरचंच नाव, म्हटलं भरू सावकाश. लोकांच्या अर्जात काना-मात्रा तपासणारा मी!” सर खुर्चीत टेकले. “एका बड्या माणसाचा पुतण्या आला होता, आठवतंय? मागची तारीख टाकून मालक लिहा म्हणाला. मी काय सांगितलं?”

“मागाहून मालक लिहायचा नाही. कोणाचाच नाही.”

“मग?”

“मग दुसऱ्याने उचललं तर? तिथे काय दुधाच्या बाटल्यांची जाहिरात लावतील?”

अर्जाची घडी उलगडून सरांनी तो गुडघ्यावर सारखा केला. “नाव आपल्या मालकीचं नसतं गं. सांभाळायला दिलेलं असतं. मी नाही सांभाळलं. आता रांगेत उभा राहतो.”

“हल्ली कागद घेत नाहीत, सर.”

“तू घे. मग टाइप कर.”

दहाला पाच कमी असताना फोन वाजला. सासूबाई.

“अगं, हा तासभर रडतोय. पोट दुखतंय का काय कळेना. ते तुझं पान काढलं होतं सकाळी, आता बघू म्हटलं तर काही उघडतच नाही. माझंच काही चुकलं का?”

नव्या यंत्राने नावं दहाच्या आधीच बंद करून ठेवली होती. क्षणभर टिंबूला समोरची अक्षरं दिसेनात. मग तोंडून आपोआप आलं, “आई, त्याला पालथा हातावर घ्या. डोकं कोपराशी. आणि चालत राहा, बसू नका. तुम्ही बसलात की त्याला कळतं.”

“बरं. थांब हं.”

सर तिच्याकडे बघत होते. “हे तुझ्या काकूचं वाक्य आहे,” ते म्हणाले. “बसलात की कळतं. आमच्याकडे मीच चालायचो.”

दहा. टिंबूने सरांचं नाव टाकून बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरू लागला. शेजारच्या यादीत नावं पटापट उचलली जात होती. तीन अक्षरी, चार अक्षरी, सगळी एका श्वासात गेली. कोणाकोणाची यंत्रं टपूनच बसली होती.

“मी तिला म्हटलं होतं,” सर पुटपुटले, “एवढं लांब नाव कोण टाइप करणार? नाव कसं सुटसुटीत हवं. ती म्हणाली, ज्या बाईला गरज असेल ती करील. हल्ली तर म्हणे कोणी पत्ता टाइपच करणार नाही, यंत्राला विचारतील आणि यंत्र सांगेल. पुढे नावं राहतील की नाही कोण जाणे.”

गोल थांबला. सदुसष्टाव्या नावापुढे एकच अर्ज होता. सरांचा.

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. “एवढं बोजड नाव,” ते म्हणाले, “कोणी बघितलंसुद्धा नाही.”

“सर, अजून एक रकाना आहे. तुमच्यानंतर कोणाला विचारायचं?”

त्यांनी खिशातून फोन काढला. “मुलीला विचारायला हवं. न विचारता लिहायचं नाही.” नंबर लागेपर्यंत ते खोलीत येरझाऱ्या घालत राहिले, एक हात उगाच कोपरात दुमडून.

टिंबूने सासूबाईंना फोन लावला. पलीकडे शांतता होती.

“झोपला,” सासूबाई कुजबुजल्या. “पण आता बसू का मी?”

“अजून पाच मिनिटं चाला, आई,” टिंबू म्हणाली, आणि पान उघडतंय का ते बघायला ते लांबलचक नाव एकेक अक्षर दाबत टाइप करू लागली.