बायका बोलल्या तिथं कात्री

दत्तात्रय कारखानीसांनी हातातला टॉर्च प्रोजेक्टरच्या खिडकीकडे धरून दोनदा लुकलुकवला, आणि त्यांची बायको शकुन बोलता बोलता थांबली. म्हणजे हा प्रसंग गेला! आणि घालवला कोणी, तर आपणच.

टॉर्च लुकलुकला की आत ऑपरेटर फिरत्या रिळात कागदाची पट्टी सरकवायचा, आणि पट्टी असेल तिथं दुसऱ्या दिवशी कात्री चालायची. कलकत्त्याच्या धर्मतल्ल्यातल्या कारखानीसांच्या ऑफिसातली ही रीत त्यांच्या वडिलांपासूनची. मुंबईहून नवा सिनेमा विकत घेतला की बंगालभरच्या थिएटरांत पाठवण्याआधी तो घरच्या आणि ओळखीच्या बायकांना दाखवायचा. स्वतः मात्र पडद्याकडे पाठ करून, बायकांकडे तोंड करून बसायचं. बायका पदरानं वारा घेऊ लागल्या, पानाचा डबा उघडला किंवा शेजारणीशी बोलायला लागल्या, की समजायचं, कंटाळल्या. टाका कापून. या रिवाजावर बापलेकांचा धंदा चांगला चालला होता, त्यामुळे त्याविरुद्ध ब्र काढायची कोणाची बिशाद नव्हती.

पण आज बायका कंटाळल्या नव्हत्या हो! सिनेमा होता तो दणदणीत मारधाडीचा. पन्नास घोडे, आगगाडीच्या टपावर हाणामारी, शेवटी दारूगोळ्यानं उडणारा आख्खा पूल. पहिला दीड तास बालीगंजहून आलेल्या साऱ्याजणी श्वास रोखून बसल्या होत्या. मग जखमी इन्स्पेक्टर रानातल्या एका झोपडीत पोचला. तिथली म्हातारी म्हणजे त्यानं सकाळी गोळी घातलेल्या दरोडेखोराची आई. त्याला ते ठाऊक नव्हतं. म्हातारीनं त्याच्या कमरेला लटकवलेला आपल्या मुलाचा सुरा बघितला, आणि न बोलता त्याच्यासमोर ताट वाढलं.

"अगं बाई, ओळखलंय तिनं!" नलिनी शकुनच्या कानाशी लागली. नलिनीचे यजमान बँकेत होते आणि नुकतेच बदलून कलकत्त्याला आले होते.

"ओळखलंय तर. बघ ना हात कसा थांबलाय."

"मग वाढतेय कशाला मेल्याला?"

"दारात आलेल्या उपाशी माणसाला काय म्हणेल ती?"

मागच्या रांगेतल्या दोघीही पुढं वाकल्या. वाढावं की वाढू नये, यावर चौघींची हमरीतुमरी चालली, तीही डोळे पुसत पुसत. आणि समोर बसलेल्या दत्तात्रयांना दिसलं ते एवढंच, की बायका गप्पा मारताहेत.

परतीच्या टॅक्सीत शकुननं विषय काढला.

"तो झोपडीतला प्रसंग ठेवा."

"कुठला?"

"म्हातारीचा. आम्ही बोलत होतो ना, तो."

"म्हणजे कंटाळलात तोच," दत्तात्रय हसले. "शकुन, सिनेमा तीन तासांच्या वर गेलाय. त्यात हे रोजचं लोडशेडिंग. थिएटरवाल्यांना चौथा खेळ बसवायचाय. पूल कापू? घोडे कापू?"

"कंटाळलो नव्हतो. भांडत होतो आम्ही, तिच्यापायी."

"मारामारीच्या सिनेमाला गोष्ट लागत नाही गं. लोक धडाका बघायला येतात. ज्यांना मन वगैरे बघायचंय त्यांच्यासाठी या गावात गल्लोगल्ली फिल्म सोसायट्या आहेत. तिकडे जाऊन बस खुशाल."

"का म्हणून? मला मारामारीच आवडते. घोडा उधळला की मी खुर्चीच्या कडेला येते. पण वर कोण बसलाय हेच कळलं नाही, तर तो पडला काय नि राहिला काय, मला सोयरसुतक कशाचं?"

"तुला काय कळतंय यातलं!" दत्तात्रय म्हणाले. आवाज चढवून नव्हे, सवयीनं म्हणाले. मग त्यांनी ड्रायव्हरला गडियाहाटच्या वळणावर सांभाळून घ्यायला सांगितलं.

शकुनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वीस वर्षं ज्या बायकांच्या मानेच्या हालचालीवर याचा धंदा चालला, त्यांना यातलं काय कळतं! मान चालते, तोंड चालत नाही! घरी पोचल्यावर तिनं पानं वाढायला घेतली. दत्तात्रयांना वाटलं, विषय मिटला.

पुढच्या आठवड्यात थिएटरवाल्यांसाठी ट्रायल होती. आसनसोलपासूनची मंडळी जमली होती. पुढच्या रांगेत बराकपूरचे नंदीबाबू पोटावर हात ठेवून ऐसपैस बसले होते. त्यांनी सिनेमा उचलला की बाकीचे मागून उचलणार, हे सगळ्यांनाच ठाऊक. यजमानीण म्हणून चहा नि गरम शिंगारे, म्हणजे बंगाली सामोसे, बघायला शकुन आली होती. दिवे मालवल्यावर ती शेवटच्या रांगेत टेकली.

घोड्यांना टाळ्या पडल्या. आगगाडीला शिट्ट्या. इन्स्पेक्टर जखमी होऊन रानात शिरला आणि पुढच्याच क्षणी ठणठणीत होऊन घोड्यावर बसला. म्हातारी नाही, झोपडी नाही, ताट नाही. कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. दत्तात्रयांनी मान वळवून बायकोकडे बघितलं. बघ, म्हणालो नव्हतो?

मग शेवटचा पूल आला. इन्स्पेक्टरनं दरोडेखोरांच्या म्होरक्याला, म्हणजे म्हातारीच्या थोरल्या मुलाला, कठड्यावर दाबून धरलं. सुरा उगारला. आणि उगारलेला हात तसाच राहिला. राहिला तो राहिलाच.

"मारो ना रे बाबा!" नंदीबाबू ओरडले. "हात दुखला की काय?"

सगळे खो खो हसले. कोणीतरी इन्स्पेक्टरला बायल्या म्हणालं. एवढा पूल उभा केलेला, एवढी नदी खाली फेसाळतेय, आणि माणसं पोट धरून हसताहेत! दत्तात्रय खुर्चीत चुळबुळले.

शकुनचा तिळपापड झाला. ती उठली ती थेट झोतातच. तिच्या अंबाड्याची सावली पुलावर पडली.

"हसता काय?" ती आपल्या मोडक्यातोडक्या बंगाली-हिंदीत कडाडली. "त्याचा हात का थांबला ते तुम्हाला दाखवलंच नाही."

"शकुन, खाली बस," दत्तात्रय मराठीत म्हणाले.

"नाही बसणार."

मशीन थांबलं, दिवे लागले. सगळ्या माना मागं वळल्या. एवढ्या परक्या पुरुषांपुढं ती जन्मात बोलली नव्हती. पण आता माघार घेतली तर आयुष्यभर नुसती मान हलवत बसावं लागेल, हे तिला पक्कं कळलं होतं. तिनं सांगायला सुरुवात केली. झोपडी, दारात कोसळलेला माणूस, कमरेचा सुरा. म्हातारीनं तो ओळखला, ताट वाढलं, आणि तो जेवत असताना भिंतीला टेकून उभी राहिली. कुठला शब्द अडला की ती हातानं करून दाखवी. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी तोंडाशी नेलेला शिंगारा परत बशीत ठेवला.

"जेवून तो निघाला," शकुन म्हणाली. "त्याला अजून काहीच माहीत नाही. उंबऱ्यात म्हातारीनं त्याचा हात धरला. हाच हात, आत्ता हसलात तो. आणि एकच वाक्य बोलली."

ती थांबली.

"तारपोर?" नंदीबाबू खुर्चीत पूर्ण मागं वळले होते. पुढं काय? "मा की बोललो, बउदी?" आई काय म्हणाली, वहिनी?

"ह्यांना विचारा," शकुननं नवऱ्याकडे बोट केलं. "सिनेमा ह्यांनी घेतला आणि कापलाही ह्यांनीच."

सारे दत्तात्रयांकडे बघू लागले. त्यांनी रुमालानं मान पुसली. घोडे किती, पूल कुठं बांधला, कुठल्या गावात कुठल्या शुक्रवारी लावायचा, सगळं त्यांना मुखोद्गत होतं. त्या प्रसंगात नलिनी आधी वाकली, मागच्या दोघी नंतर वाकल्या, हेसुद्धा त्यांना लख्ख आठवत होतं. आठवत नव्हतं ते एकच, कारण ते त्यांनी पाहिलंच नव्हतं, नि कान होता तो बायकांच्या कुजबुजीकडे.

"दत्तूबाबू, बोला की," नंदीबाबू म्हणाले.

दत्तात्रय खुर्च्यांच्या मधून चालत शेवटच्या रांगेपाशी आले. आवाज अगदी खाली आणून त्यांनी मराठीत विचारलं,

"काय म्हणते गं ती?"

"लावा आणि बघा," शकुन म्हणाली, आणि खाली बसली.