आत माणूस आहे

"जावईबापू, किल्ली." मामांनी खाली उभे राहूनच हात वर केला.

जावयाने केबिनमधून किल्ली काढून दिली. मामांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली, वरून बटण लावले आणि कापणीयंत्राच्या मागच्या तोंडातून ते सरपटत आत शिरले. जो आत जाईल त्याच्याच खिशात किल्ली, हा या टोळीचा एकमेव कायदा. तो कोणत्याही सरकारने केलेला नव्हता, म्हणूनच बहुधा पाळला जात असे.

गहू पिकत जाई तसतशी टोळी रस्त्याने पुढे सरके. मामांचा संसार या सरकण्यातच झाला. मुलीचे लग्नही त्यांनी दोन शिवारांमधल्या सवडीत उरकले. ज्या ड्रायव्हरचा हात यंत्रावर चांगला बसलेला दिसला, तोच जावई केला. त्याला तोंडही असते का, हे पाहायचे राहून गेले. यंत्राचा मालक असलेल्या शेठने काहीही सांगावे, जावयाचे उत्तर एकच: "बरं, शेठ."

"तुमच्यापेक्षा इंजिन जास्त बोलतं हो," मामा आतून म्हणाले. "माझ्या पोरीलाही 'बरं, शेठ'च म्हणता काय?"

बाहेर कोणी हसले, किंवा खोकले.

ओल्या पेंढ्याने मळणीचा ड्रम गच्च आवळला होता. मामा कुशीवर पडून एकेक झुपका उपटू लागले. इंजिन सुरू झाले की ड्रमही फिरणार. त्याला वेगळे थांबवणारा खटका गेल्या हंगामातच तुटला होता. शेठने यंदा यंत्राला रंग दिला. रंग दिसतो, खटका दिसत नाही.

जीप थांबली. दार आपटले.

"अजून इथंच? आभाळ बघा जरा! पुढच्या गावाहून फोनवर फोन येतायत."

"मामा आत आहेत, शेठ."

"तो कायमचाच आत असतो. सरक."

शिडीवर बूट वाजले. "किल्ली कुठाय?"

"मामांकडं."

"राहू दे त्याच्याकडं. दुसरी करून घेतलीय मी. म्हाताऱ्याचे नखरे किती दिवस सोसायचे?"

मामांचा हात थांबला. त्यांनी खिसा चाचपला. कायदा जागच्या जागी होता. मागे निघायचे तर पाय आधी काढावे लागत, आणि गुडघा लोखंडी पट्टीत अडकला होता. ते ओरडले, पण तोंडात भुसा गेला आणि खोकल्याची उबळ आली.

"ऐकलंस? निघतोच आहे तो," वरून शेठ म्हणाला. "मी नुसतं इंजिन गरम करतो."

शेठ क्रूर नव्हता. क्रूर व्हायचे तर समोर माणूस आहे हे आधी लक्षात यावे लागते, आणि हंगामात त्याला तेवढी फुरसत नसे.

मामा जावयाचे ते नेहमीचे दोन शब्द ऐकायच्या तयारीत पडून राहिले. ते आले नाहीत. शिडीवरून कोणीतरी घाईने उतरले. पळाला, मामांना वाटले. पोरीला जाऊन काय सांगणार हा?

कानाजवळची झडप करकरली. उजेडाची पट्टी आत पडली आणि तिच्यामागून एक हात आला, कोपरापर्यंत, ड्रमच्या लोखंडी दात्यांत.

"शेठ," जावयाचा आवाज चिरकला, "माझाबी हात आत आहे. करा चालू."

"वेडा झालास का? काढ हात!"

"मामा निघाले की काढतो."

वर किल्ली उपसल्याचा आवाज झाला. मग बूट उतरले. "एवढं शेत संपवा. उद्यापासून दोघांनी दुसरीकडं बघायचं. कळलं?"

"कळलं."

जीप गेली. तरी हात तिथेच राहिला. मामांनी गुडघा सोडवला. आता निघता आले असते. पण शेत अर्धे उभे होते, आणि आभाळ उतरत होते.

"जावईबापू, राहू द्या हात तसाच," ते म्हणाले. "होतच आलंय."

आणि त्या बोटांच्या बेचक्यांतला पेंढा ते काडी काडी करून काढू लागले.