कुणाचा काठ खाली?

आज खालच्या गल्लीतल्या तंबूवाल्या मावशींचा जीव थाऱ्यावर नव्हता. दंगलीनंतर पहिल्यांदाच वरच्या आणि खालच्या गल्लीचे पुढारी समोरासमोर बसणार होते. जमलं तर मधला अडसर निघणार होता. पलीकडे मावशींची लेक नांदत होती. नातू रांगायला लागला म्हणे, आणि आजीनं अजून त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं!

कुणाच्या छपराखाली बसायचं यावरच पुरुषांचं घोडं अडलं होतं. शेवटी बायकांनी तोडगा काढला: अर्धा तंबू वरच्या गल्लीनं शिवायचा, अर्धा खालच्या, आणि जोडायचा मैदानात.

दोन्ही अर्धे खांबांवर चढले आणि सगळ्या बघतच राहिल्या. एका काठाला भोकं, दुसऱ्याला दोरीचे फास, आणि फास खालून भोकांत ओवायचे, ही जोडायची रीत. इथे दोन्हीकडे भोकंच!

"फास कुठायत तुमचे?" मावशी कडाडल्या.

"फासांचा काठ खाली जातो," पलीकडची शिवणारीण म्हणाली. "आम्ही का खाली जायचं?"

आपल्या शिवणाऱ्या पोरींना मावशींनीही हेच बजावलं होतं! आधी त्यांनाच हसू फुटलं, मग दोन्हीकडच्या बायका पोट धरधरून हसल्या.

"बायकांना साधा तंबू जमेना," वरच्या गल्लीचा पुढारी म्हणाला, "चला परत."

"पाऊल उचलून तर बघा!" मावशींनी दाभणात दोरी ओवली. "काठाला काठ लावते. ना कुणी वर, ना कुणी खाली. आतून दाभण परतवायला कोण येतंय?"

आत कुणीतरी धावत आलं. मावशींनी दाभण आत सारलं, ते बाहेर आलं, आणि दोरीला असा हिसका बसला की मावशी पुढे ओढल्या गेल्या. असा हिसका द्यायला त्यांनी एकाच पोरीला शिकवलं होतं.

"बाळे?"

"ओढ गं आई, ढिली पडतेय!"

मावशी रडत होत्या, हसत होत्या, पण हात थांबला नाही. शेवटची गाठ बसली तशी त्या आत घुसल्या आणि लेकीला घट्ट कवटाळलं.

"पिल्लू कुठाय?"

"सासूबाई म्हणाल्या, आधी बोलणी होऊ देत."

मागोमाग पुढारी आले. "झालं ना? आता बायकांनी बाहेर व्हा."

एकही बाई हलली नाही. मावशी तर पुढाऱ्यांच्या मधोमध फतकल मारून बसल्या.

"करा सुरू लवकर," त्या म्हणाल्या. "मला नातू बघायचाय."